सेटलमेंटातली हजेरी : देश आपल्या जुन्या अन्यायांचं पुढे काय करतात?

कडकभाकरी (धागाकर्ता) | ३१ ऑगस्ट, स. ९:१०

आमच्या घरात 'आजोबा सेटलमेंटात होते' हे वाक्य 'आजोबा रेल्वेत होते' ह्याच सुरात म्हटलं जायचं. सरकारी नोकरी, एक तारखेला पगार, अक्षर मोत्यासारखं. सोलापूरकराला सेटलमेंट म्हणजे रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता. सेटलमेंट फ्री कॉलनी नंबर अमुक, की झालं. त्यातल्या 'फ्री'चा अर्थ मला पस्तिशीत कळला. फ्री म्हणजे कुंपणाबाहेरची.

आजोबा कारकून होते आणि त्यांचं काम हजेरी घेण्याचं. शाळेतली नव्हे. तारेच्या कुंपणात राहणाऱ्या कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट कुटुंबांची. कोण आत आहे, कोण गिरणीत गेलंय, कोण पास घेऊन बाहेरगावी आहे, ह्याची नोंद. ह्या माणसांनी काय केलं होतं? पुष्कळांनी काहीच नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातच्या जमात गुन्हेगार ठरवता येत असे. मूल जन्माला आलं की तेही त्यात. आधी उत्तरेत, मग १८७६ ला बंगालमध्ये आणि १९११ च्या कायद्याने सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात. १९५२ साली आजच्या तारखेला तो देशभरातून गेला, म्हणून आज विमुक्त दिन.

गेले काही महिने मी कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी असल्या देशांनी आपल्या जुन्या पापांचं काय केलं ते वाचतोय. माफी, आयोग, भरपाई, स्मारकं. आपण काय केलं? कायदा रद्द केला आणि तारीख पाळायला लागलो. एवढ्यावर हिशेब मिटतो का? इथल्या जाणकारांनी लिहावं.

---

जुना_वकील | ३१ ऑगस्ट, स. १०:०२

चांगला धागा. थोडी भर घालतो.

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्येच रद्द झाला होता, मद्रासमध्ये त्याच्याही आधी. केंद्राने ह्या कायद्याची चौकशी करणाऱ्या अय्यंगार समितीचा अहवाल आल्यावर १९५२ मध्ये उरलेल्या भागांतून काढला. म्हणजे आपल्याकडच्या मंडळींच्या सुटकेची तारीख खरं तर वेगळी. पण ३१ ऑगस्ट रूढ झाली आहे, असू दे.

कायद्याचा जाच नुसता हजेरीपुरता नव्हता. १८७१ च्या कायद्यात जमात एकदा अधिसूचित झाली की त्या अधिसूचनेला कुठल्याही कोर्टात आव्हान देता येत नसे. पुढच्या कायद्यांत शिक्षाही वाढीव. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरलं तर किमान ७ वर्षं, तिसऱ्यांदा जन्मभर काळं पाणी. त्याच गुन्ह्याला शेजारच्या गल्लीतल्या माणसाला कदाचित सहा महिने. १८९७ च्या दुरुस्तीने तर ४ ते १८ वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवायची मुभा सरकारला मिळाली.

---

टिकोजीराव | ३१ ऑगस्ट, स. १०:४०

कायदा इंग्रजांनी केला. रद्द आपण केला. मग हिशेब कसला मागताय, आणि कोणाकडे? माफी मागायचीच असेल तर लंडनने मागावी. आणि हे कुठवर मागे न्यायचं? १८७१? १८१८? आणखी मागे? प्रत्येकाच्या पणजोबाने कोणाच्या तरी पणजोबाला छळलेलंच आहे.

कडकभाकरी, तुमच्या आजोबांनी नोकरी केली. तुम्ही उगाच अंगावर घेऊ नका.

---

यारातीर | ३१ ऑगस्ट, दु. १२:१५

मेलबर्नहून लिहितेय. वकीलसाहेबांचा मुलांना तोडण्याचा मुद्दा वाचून चमकले, कारण इथे माफी मागितली गेली ती नेमकी त्याच गोष्टीची.

१३ फेब्रुवारी २००८. मी तेव्हा विद्यार्थिनी होते, येऊन जेमतेम वर्ष झालेलं. फेडरेशन स्क्वेअरला मोठ्या पडद्यावर संसदेचं थेट प्रक्षेपण होतं. पंतप्रधान केविन रड यांनी 'चोरलेल्या पिढ्यां'ची माफी मागितली. ॲबोरिजिनल मुलांना सरकार आणि मिशनवाले घरातून उचलून न्यायचे, चांगली १९७० च्या आसपासपर्यंत. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई उभी होती, तिने माझा हात घट्ट धरला होता. कोण होती कोण जाणे. नंतर विरोधी पक्षनेते बोलायला उभे राहिले आणि 'पण त्यांचा हेतू चांगला होता' छापाचं काही तरी यायला लागलं, तशी अर्ध्या गर्दीने पडद्याकडे पाठ फिरवली. मला सगळा संदर्भ कळत नव्हता, पण पाठ कळली.

आता दुसरी बाजू. त्या मुलांबद्दलचा राष्ट्रीय अहवाल १९९७ चा. मधली अकरा वर्षं 'आजच्या पिढीने कालच्या कृत्यांची माफी का मागायची' ह्या एका वाक्यावर गेली. (टिकोजीराव, नमस्कार.) रड यांच्या माफीत पैशाचा शब्द नव्हता. केंद्राच्या अखत्यारीतल्या भागांसाठी भरपाईची योजना जाहीर झाली २०२१ मध्ये. तोवर कितीतरी जण गेले. आणि २०२३ मध्ये मूळनिवासींना संसदेपुढे सल्लागार आवाज द्यावा का, ह्यावर सार्वमत झालं तेव्हा साधारण ६० टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. माझ्या ऑफिसात प्रत्येक मीटिंगच्या सुरुवातीला 'ह्या भूमीच्या मूळ रक्षकांना वंदन' म्हणतात. त्याच मीटिंगमधले किती जण तेव्हा 'नाही'वर खूण करून आले होते, मला माहीत आहे.

---

बर्लिनकर | ३१ ऑगस्ट, दु. १:३०

जर्मनीचं उदाहरण सगळे देतात म्हणून थोडं खाजवतो.

माझ्या इमारतीच्या दारात फुटपाथवर पितळेचे तीन चौकोन बसवलेत. १० बाय १० सेंटिमीटर. 'इथे राहत होते', नाव, जन्मसाल, नाझींनी कधी नेलं, कुठे मारलं. एकाच घरातली तिघं, धाकटी सहा वर्षांची. मुलाला शाळेत सोडताना रोज ओलांडतो. असे दगड युरोपभर एक लाखाच्या वर झालेत. पण हे काम सरकारने सुरू केलेलं नाही, गुंटर डेमनिग नावाच्या एका कलाकाराने केलं. म्युनिक शहर तर सार्वजनिक फुटपाथवर ते बसवूच देत नाही. तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्षांचंच म्हणणं होतं की मेलेल्यांच्या नावांवर पाय पडतात. म्हणजे ज्यांच्यासाठी करायचं त्यांच्यातही एकमत नसतं.

आणि ज्या देशाने ज्यूंच्या बाबतीत एवढं केलं, त्याच देशाला आपल्या तेव्हाच्या वसाहतीतल्या, आजच्या नामिबियातल्या हेरेरो आणि नामा लोकांच्या कत्तलीला (१९०४ ते १९०८) अधिकृतपणे वंशसंहार म्हणायला २०२१ उजाडलं. ११० कोटी युरो, ३० वर्षांत, विकासाची मदत म्हणून. 'भरपाई' हा शब्द कटाक्षाने टाळला. वाटाघाटी दोन सरकारांत झाल्या आणि हेरेरो-नामांच्या बऱ्याच नेत्यांनी करार झिडकारला, आम्हाला टेबलावर बसवलंच नाही म्हणून. तेव्हा जर्मन लोक स्वभावाने पश्चात्तापी वगैरे काही नाहीत. जिथे दबाव होता तिथे हिशेब झाला, बाकीचं रेंगाळलं.

---

श्रावणधारा | ३१ ऑगस्ट, दु. २:०५

वाचतेय. +१ यारातीर.

---

पालावरची | ३१ ऑगस्ट, रा. ९:४८

सकाळपासून लिहू की नको चाललं होतं.

माझी आजी सोलापूरच्या सेटलमेंटात वाढली. आम्ही कैकाडी. टोपल्या, कणग्या विणणारे लोक. आजी गिरणीत कामाला होती. आषाढीला पंढरपूरला जायचं तर पास काढावा लागे. किती माणसं, किती दिवस, कुठल्या रस्त्याने. सोलापूरहून पंढरपूर सत्तर-बहात्तर किलोमीटर. आजी म्हणायची, इठ्ठलाला भेटाया सायबाची सही. आणि हसायची. तिला ते विनोदी वाटायचं, मला अजून वाटत नाही.

सगळंच वाईट होतं असं ती म्हणत नसे, हेही लिहायला पाहिजे. मिशनची शाळा होती, तिथे ती तिसरी शिकली आणि मरेपर्यंत पेपर वाचायची. आमच्या आळीतली पहिली वाचणारी बाई. पण शाळा तारेच्या आत होती.

कडकभाकरी, तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाहीये. तुमच्या धाग्यामुळेच लिहितेय. पण 'अक्षर मोत्यासारखं' वाचलं आणि जरा थांबले.

टिकोजीराव, 'रद्द आपण केला' म्हणताय ना. मी २००३ मध्ये पुण्यात नोकरीला लागले. हॉस्टेलमध्ये एकीचं घड्याळ हरवलं. माझी जात एका मैत्रिणीला माहीत होती. पुढचं सांगत नाही. घड्याळ तिच्याच बॅगेत सापडलं.

---

कडकभाकरी | ३१ ऑगस्ट, रा. १०:२०

पालावरची, ते वाक्य लिहिताना मला काही खटकलं नव्हतं. आता खटकतंय. काढत नाही, राहू दे तसंच.

---

टिकोजीराव | १ सप्टेंबर, स. ८:१५

ताई, झालं ते वाईटच. पण तो समाजाचा पूर्वग्रह झाला, राष्ट्राचा कुठे? कायदा तर गेला ना.

---

जुना_वकील | १ सप्टेंबर, स. ९:३०

गेला, पण जाताना सोय करून गेला.

मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. इतर राज्यांनीही तसेच केले. त्यात जमातीचं नाव नाही, वारंवार शिक्षा झालेली व्यक्ती लागते. कागदावर हा फरक मोठा आहे आणि मी तो नाकारणार नाही. पण हजेरी, पत्ता कळवणं, हालचालींवर बंधनं हे सगळं त्यात तसंच उतरलं, आणि पोलीस ठाण्यातल्या माणसाच्या डोक्यात 'सराईत' म्हटल्यावर कोणती वस्ती येते ते मी चाळीस वर्षं पाहिलंय. १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात खेडिया शबर जमातीच्या बुधन शबरचा कोठडीत मृत्यू झाला. महाश्वेतादेवी आणि गणेश देवी ह्यांनी तो प्रश्न धसास लावला, हायकोर्टाने बुधनच्या विधवेला भरपाई दिली. मानवाधिकार आयोगाने २००० मध्ये आणि संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ मध्ये हे सराईत कायदे काढा म्हणून सांगितलं.

आणि राष्ट्र म्हणाल तर ३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा, तुरुंगांतल्या जातिभेदाबद्दलचा. काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत विमुक्त जमातीच्या माणसाला सराईत धरण्याची तरतूद तोवर होती. एका नियमावलीत भटक्या जमातीच्या कैद्यांना पळून जाण्याची उपजत ओढ असते अशा अर्थाचं वाक्य होतं. छापील. १९५२ नंतर ७२ वर्षं कोणी ते पान खोडलं नाही.

---

खाकीतलं_घर | १ सप्टेंबर, स. ११:००

माझे वडील हवालदार होते. रात्री चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या वस्तीवर जायची. पुरावा नंतर. 'तिकडे नाही मिळालं तर मग बघू' हे त्यांचं वाक्य. वाईट माणूस नव्हता माझा बाप. वरिष्ठांना सकाळपर्यंत कोणीतरी दाखवायला लागायचं, एवढंच. ह्यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

---

सॅन_होजेची_सून | १ सप्टेंबर, दु. ४:४०

अमेरिकेचं एक उदाहरण इथे चपखल बसतं, कारण तिथेही अख्ख्या समूहावर संशय आणि कुंपण होतं. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत टाकलं. बहुतेक जण अमेरिकेचे नागरिक. सुप्रीम कोर्टाने १९४४ मध्ये ते योग्य ठरवलं. पुढे १९८८ मध्ये रेगन यांनी कायद्यावर सही केली. हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर आणि राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं माफीपत्र. सुमारे ८२,००० लोकांना ते मिळालं.

आमच्या गल्लीत एक जपानी आजी होत्या. पत्र फ्रेम करून लावलेलं, चेकचं काय केलं विचारलं तर म्हणाल्या नातीच्या कॉलेजात गेला. त्यांच्या आईवडिलांना दोन्ही मिळालं नाही, ते आधीच गेले होते.

---

टिकोजीराव | १ सप्टेंबर, सं. ६:१०

तिथे लाख माणसं होती, यादी होती, जिवंत होती. इथे कोणाला देणार? कोट्यवधी लोक, चौथी पिढी. आणि आरक्षण दिलंय की महाराष्ट्राने.

---

संपादक | १ सप्टेंबर, सं. ७:३०

आरक्षण हवं की नको ही चर्चा इथे नको, त्यासाठी चार धागे आधीच आहेत. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

---

पालावरची | १ सप्टेंबर, रा. १०:३५

टिकोजीराव, यादी होती म्हणताय ना? यादी आमचीही होती. आमच्याइतकी यादी ह्या देशात कोणाचीच नसेल. नाव, बापाचं नाव, जात, अंगठ्याचा ठसा, रोजची हजेरी. दिली कोणी आम्हाला?

पैसे मला नकोत. मला काय हवं होतं ते सांगते. भावाचं जात पडताळणीचं प्रकरण होतं. विमुक्त जातींसाठी मानीव दिनांक २१ नोव्हेंबर १९६१. त्याच्या आधीचा जातीचा पुरावा आणा. आता आणा म्हणजे? वडील पालात जन्मले, जन्माची नोंद नाही. शेत नाही म्हणून सातबारा नाही. आजोबा कुठे नोकरीला नाहीत. वाड्यातल्या माणसाकडे चार पिढ्यांचे कागद पेटीत असतात, आमच्याकडे पेटी नव्हती.

त्या कार्यालयात (कुठलं ते राहू दे) भाऊ अकरा खेटे घालून आला. एक बाई म्हणाली, 'तुम्ही खरेच कैकाडी असता तर कागद असते.' हे वाक्य मी रोज एकदा तरी आठवते. आणि कैकाड्यांचं त्रांगडं वेगळंच. विदर्भात कैकाडी अनुसूचित जातीत, इकडे आले की विमुक्त जातीत. त्याच बापाचे दोन भाऊ दोन जिल्ह्यांत गेले तर दोन प्रवर्ग. केंद्राच्या यादीत तर विमुक्त असा वेगळा रकानाच नाही. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या रेणके आयोगाने २००८ ला हे लिहिलं, इदाते आयोगाने पुन्हा लिहिलं.

शेवटी कशावर झालं माहितीये? सेटलमेंटातल्या शाळेच्या जनरल रजिस्टरवर. आजीच्या धाकट्या भावाचं नाव, पुढे जात : कैकाडी. साल १९३७. ज्या कागदांनी आम्हाला चोर ठरवलं त्यातल्याच एकाची सत्यप्रत काढून भाऊ इंजिनिअर झाला. ते रजिस्टर एका मास्तरांनी माळ्यावर जपलं म्हणून. नाहीतर वाळवीचं झालं असतं.

बर्लिनकर, तुमच्या पितळेच्या दगडावर नाव लिहायला आधी नाव कुठेतरी ठेवलेलं लागतं.

---

बर्लिनकर | १ सप्टेंबर, रा. ११:५० (भारतीय वेळ)

खरं आहे. ह्या बाबतीत इथलं एक काम मला दगडांपेक्षा मोठं वाटतं. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी लोकांवर ठेवलेल्या फायली १९९१ च्या कायद्याने उघडल्या आणि ज्याची फाईल त्याला वाचायला दिली. लोक रांगा लावून वाचून आले. कोणाला शेजाऱ्याचं नाव सापडलं, कोणाला नवऱ्याचं.

---

यारातीर | २ सप्टेंबर, प. ५:२०

इथेही तेच. उचलून नेलेल्या मुलांना आपले लोक शोधून देणाऱ्या संस्था आहेत, लिंक-अप म्हणतात. त्यांचं निम्मं काम जुन्या सरकारी आणि मिशनच्या वह्यांतून नावं जुळवण्याचं. रडची माफी टीव्हीवर दिसली, हे काम दिसत नाही. पण माझ्या ओळखीच्या एका बाईंना ६१ व्या वर्षी सख्खी बहीण सापडली ती अशा वहीतून.

---

कडकभाकरी | ३ सप्टेंबर, रा. ८:४५

दोन दिवस धाग्यावर नव्हतो. पुण्याला आत्याकडे गेलो होतो.

आजोबांची ट्रंक तिच्याकडे आहे. हजेरीच्या वह्या नाहीत, त्या सरकारजमा झाल्या असणार. पण पासांची तीन पुस्तकं मिळाली. पास फाडून दिलेले, स्थळप्रती जागेवर. प्रत्येकीवर क्रमांक, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, सोबत किती माणसं, कुठे जाणार, कधी परतणार. अक्षर आजोबांचं. एकूण दोनशे चौऱ्याऐंशी. पंढरपूरच्या बऱ्याच आहेत. तुळजापूरच्याही. 'कारण' ह्या रकान्यात एके ठिकाणी 'मुलगी आजारी' आणि त्यावर लाल शाईत काट. ती काटही आजोबांचीच असावी, शाई तीच आहे.

आत्याला विचारलं, तू कधी उघडून पाहिली होतीस का. म्हणाली, कशाला पाहायची, दप्तराचे कागद.

ह्यांचं काय करू? फोटो इथे टाकू का?

---

जुना_वकील | ३ सप्टेंबर, रा. ९:१०

इथे अजिबात टाकू नका. लोकांची नावं आणि जाती आहेत, ज्यांचे नातू आज कुठेतरी जात न सांगता नोकरी करत असतील.

पण नीट ऐका. हे १९६१ च्या आधीचे, जातीच्या नोंदीचे सरकारी कागद आहेत. कोणाच्या तरी पडताळणीत ह्यातलं एक पान लागू शकतं. मूळ पुस्तकं फाडू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. आधी दोन्ही बाजू स्कॅन करा. मग पुराभिलेखागाराकडे लेखी पत्राने द्या आणि पोच घ्या. नावांची सूची करून ठेवा, ती कोणाला दाखवायची ते त्या समाजातल्या माणसांना विचारून ठरवा. आपलं आपण ठरवू नका.

---

टिकोजीराव | ३ सप्टेंबर, रा. ९:४०

स्कॅनिंगचा खर्च किती येईल? माझ्या भाच्याचं पुण्यात दुकान आहे, मोठा स्कॅनर आहे. सांगतो त्याला. माफीबिफीचं माझं मत तेच आहे.

---

कडकभाकरी | ३ सप्टेंबर, रा. १०:०५

टिकोजीराव, आभार. शनिवारी नेतो.

पालावरची, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय. पंढरपूरच्या स्थळप्रतींत एक नाव आहे, ते तुमच्या आजीचं असेलच असं नाही, त्या नावाच्या चौघी आहेत. नवऱ्याचं नाव कळलं तर जुळवता येईल. सूची करायला तुम्ही किंवा तुमच्याकडचं कोणी येऊ शकलं तर बरं होईल, आडनावं मला नीट लागत नाहीत.

---

पालावरची | ४ सप्टेंबर, स. ७:३०

व्यनि पाहिला. लग्नाआधीचा पास असेल तर बापाचं नाव असेल, ते मला पाठ नाही. आईला विचारून कळवते.